खिडकी लावावी की उघडावी: नागपुरातले सात आठवडे

नागपूरला मी निघाले चार दिवसांसाठी आणि परत आले सात आठवड्यांनी. शाळेतल्या बाई मला अजून विचारतात, की तिकडं एवढं बघण्यासारखं आहे तरी काय? खरं सांगते, मी नागपूर फारसं पाहिलंच नाही. सीताबर्डीच्या बाजारात एकदा गेले, तलावावर एकदा. बाकी सगळा मुक्काम मी प्रतापनगरातल्या एका घराच्या खिडक्यांशी झगडण्यात घालवला. तरीही हे लिहिते आहे, कारण कोल्हापुरातून तिकडं मुलगी दिलेल्या आणखी दोनचार आया मला माहीत आहेत. त्यांची तरी फजिती टळावी.

जायचं कारण साधं होतं. आमची एकुलती एक नंदा गेल्या वर्षी तिकडं दिली. तिला आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही गोष्ट आमच्याकडं कुणी बोलूनही दाखवत नाही, इतकी ठरलेली. सातव्यातच आणायची, पण माझ्या शाळेच्या परीक्षा आणि पेपरांचे गठ्ठे आडवे आले. एप्रिल संपत आला तेव्हा कुठं सुटका झाली. ह्यांनी परतीची दोन तिकिटं आधीच काढून ठेवली होती आणि माळ्यावरचा पाळणा उतरवून त्याला तेलपाणीही केलं होतं.

माझ्या मनात आणखी एक काटा होता. नंदाच्या पत्रांत एक वाक्य सारखं यायचं: "इथं सकाळी आठ वाजले की सगळ्या खिडक्या लावून घेतात, मग दिवसभर अंधार." आमच्या घराला दहा खिडक्या, त्यांच्या झडपा मी फक्त वळवाचा पाऊस आला तरच लावते. दिवसाढवळ्या खिडक्या लावून सुनेला अंधारात ठेवणारं घर कसलं असेल, या विचारानं मी वर्षभर आतल्या आत धुमसत होते. लेकीला घेऊन यायचं आणि जमलं तर विहीणबाईंना दोन शब्द सुनवायचे, अशा तयारीनं मी गाडीत बसले. गाडीतल्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. सुरईतलं पाणी वर्ध्याच्या आधीच संपलं, एवढं सांगितलं की पुरे.

पहिला दिवस

स्टेशनवर व्याही स्वतः आले होते. धान्याच्या दलालीत आयुष्य गेलेला, कमी बोलणारा माणूस. डोक्याला उपरणं असं गुंडाळलेलं, की आधी मी ओळखलंच नाही. त्यांनी माझ्या हातात एक कांदा ठेवला आणि म्हणाले, "पिशवीत असू द्या." मी तो भाजीसाठी असेल म्हणून घरी गेल्यावर विहीणबाईंच्या हवाली केला, तर त्या हसायला लागल्या. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ बाळगतात म्हणे. आमच्याकडं उन्हात जाताना टोपी घालतात.

घरात शिरले आणि मला काही दिसेना. बाहेरच्या लखलखाटातून आत आल्यावर डोळ्यांपुढं नुसता काळोख. मागच्या दाराला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी मारलेलं. तिकडं तिला खस म्हणतात. त्या काळोखातून नंदा पुढं आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचा चेहरा बघण्याआधी मी तिच्या मागची बंद खिडकी बघितली, हे मला आज कबूल केलं पाहिजे.

जेवायला विहीणबाईंनी गोळाभात केला होता. भातात हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे, वर फोडणीचं तेल. मी दोनदा घेतला. त्या म्हणाल्या, "वरून सांबार टाकू का?" गोळाभातावर सांबार म्हटल्यावर मी घाईनं नको म्हटलं. मग बघते तर त्यांनी सगळ्यांच्या ताटांवर कोथिंबीर भुरभुरली आणि माझं ताट तेवढं कोरडं राहिलं. टोमॅटोला भेदरं, बटाट्याला आलू. मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि इथं मला भाजी मागता येईना.

दुपारी सगळे आडवे झाले. नंदाच्या खोलीत मला गुदमरल्यासारखं झालं. या पोरीला जरा वारा मिळू दे, म्हणून मी उठले आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. वारा आला, पण तो चुलीच्या तोंडातून यावा तसा. माझ्या पापण्या भाजल्या. कॅलेंडर भिंतीवरून उडालं आणि मूठभर धूळ नंदाच्या उशीवर येऊन पडली.

"आई, लाव नं खिडकी! झळ येऊन राहिली!" नंदा ओरडली.

येऊन राहिली! आमच्या घरात वाढलेली मुलगी. मी तिच्याकडं बघतच राहिले, आणि खिडकी उघडीच राहिली. तोवर विहीणबाई धावत आल्या.

"अहो ताई, काहून उघडली? लू लागन तिले!"

त्यांनी खिडकी लावली, नंदाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, तिला पन्हं पाजलं. मी एका बाजूला उभी. सुनवायला आणलेले दोन शब्द मी गिळून टाकले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याच बाईंनी घरातली एकूण एक खिडकी उघडली आणि गच्चीवर बादल्या ओतल्या. पहाटेही उघड्या, आठ वाजले की बंद. या घरात खिडक्या घड्याळावर चालतात, असं मी मनात लिहून ठेवलं.

दुसरा दिवस

आपण इथं नुसतं बसून खातो आहोत, हे मला बरं वाटेना. नंदाला वाकायचं नाही, विहीणबाई सकाळपासून वर्षाचे गहू निवडायला बसलेल्या. मी म्हटलं, निदान झाडलोट करते. नंदा म्हणाली, "आई, झाडू नको घेऊस, कपाटात डस्टो आहे."

डस्टो म्हणजे काय, ते मला कपाट उघडल्यावर कळलं. आमच्या हेडबाईंनी घेतलंय तसलंच धूळ ओढायचं विजेचं यंत्र. आमच्या गल्लीत त्याला पवन म्हणतात, कारण त्या कंपनीचा माणूस आमच्याकडं पहिल्यांदा आला. इथं डस्टोवाला आधी आला असणार. डालडा आणि सर्फ या दोन शब्दांवर मात्र आमचं आणि नागपूरचं पूर्ण एकमत होतं, तेवढाच मला दिलासा वाटला.

हेडबाईंकडं मी ते यंत्र चालताना पाहिलं होतं. नळी जमिनीला लावायची, बटण दाबायचं, धूळ आत जाते. मी गव्हाच्या ढिगाशेजारी नळी लावली आणि बटण दाबलं. धूळ आत जाईना, उलट नळीतूनच वारा सुटला. गव्हातला सगळा कोंडा, काड्या आणि कडुनिंबाचा पाला अंधाऱ्या खोलीभर उडाला. विहीणबाईंचे केस पांढरे झाले. मी घाबरून नळी वर केली, तर देवघरातल्या फुलांची वासलात लागली.

मला वाटलं, झालं! आता या बाई बोलणार. त्या खोकत उठल्या, बटण बंद केलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तुमी तं माझं काम करून टाकलं!"

मला काही बोध होईना. मग त्यांनी दाखवलं. यंत्राला मागच्या बाजूला आणखी एक भोक असतं, तिथं नळी लावली की वारा बाहेर येतो. या घरात ती कायम मागेच लावलेली. आधी कूलरच्या गवतातली वर्षाची धूळ उडवायची, मग गच्चीवर गहू उफणायचे.

"आणि जमीन?" मी विचारलं.

"जमिनीले झाडू हाय नं!"

संध्याकाळी मी गच्चीवर सुपातून गहू सोडत होते आणि विहीणबाई त्या यंत्राची नळी बंदुकीसारखी धरून कोंडा उडवत होत्या. हेडबाईंना हे सांगितलं तर त्यांना पटणार नाही. खरं म्हणजे मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या आणि त्याचा मला रागही येत होता. भांडायला आलेल्या माणसाची ही फार मोठी अडचण असते.

तिसरा दिवस

आता जे लिहायचं आहे ते हसण्यासारखं नाही.

विहीणबाई आणि व्याही दुपारी जवळच एका पूजेला गेले. नंदाचा नवरा विलास सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला, तो संध्याकाळच्या बसनं यायचा. घरात आम्ही दोघीच. जाताना विहीणबाई म्हणाल्या, "कूलर चालू हाये. खिडक्यांकडे तेवढं पाहाल."

पाहते म्हटलं. पहिल्या दिवसाची चूक परत होऊ द्यायची नव्हती. मी सगळ्या खोल्यांतून फिरले. पुढच्या खिडकीत कूलर बसवलेला, पत्र्याची एवढी मोठी पेटी, तिन्ही बाजूंनी ओलं गवत आणि आत पंखा. बाकीच्या खिडक्या बंद होत्या. फक्त नंदाच्या खोलीची मागची खिडकी चार बोटं उघडी होती आणि फटीत लाकडाचा तुकडा अडकवलेला. कुणीतरी लावायची विसरलं, असं वाटून मी तो तुकडा काढला आणि कडी घातली. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

अर्ध्या तासात जमीन चिकट झाली. चहासाठी काडी ओढली तर ती पेटेना. अंगातला घाम वाळेना. नंदा आधी म्हणाली, कसंतरी होतंय. मग तिचे ओठ पांढरे पडले आणि तिला धाप लागली. मी कूलरचं बटण आणखी मोठं केलं. गवतावर आणखी दोन तांबे पाणी ओतलं. नंदाचा श्वास आणखीच अडकायला लागला. खिडकी उघडावी तर लू, न उघडावी तर हे असं. मी तिला पदरानं वारा घालत होते. तिच्या पोटावर माझी नजर गेली आणि मी आणखी जोरानं वारा घालायला लागले.

दार वाजलं. विहीणबाई आत आल्या, एकदा श्वास घेतला आणि नंदाकडं न येता सरळ मागच्या खोलीत गेल्या. कडी काढल्याचा आवाज आला. क्षणभरात घरातून वारा वाहायला लागला.

"ताई, कूलरची हवा आत येते तं तिले जायले वाट पायजे नं! नाही तं नुसता दमट वाफारा होते घरात." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या खाली बसल्या आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "तुमाले कोणी सांगतलं नाही. चूक माही हाये."

त्यांनी मला एक रागाचा शब्द सुनावला असता तर बरं झालं असतं.

कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बाळ ठीक होतं, नंदाही ठीक होती. दोन दिवस विसावा द्या, मग जायचं तर जपून जा, म्हणाल्या. मी तिकिटांची तारीख मोजली. बरोबर दोनच दिवस उरले होते.

गच्चीवर

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही तिघी गच्चीवर बसलो. मी नंदाला म्हटलं, न्यायचे कपडे काढून ठेव, परवाची गाडी आहे.

नंदानं बोटाला पदर गुंडाळला. मग म्हणाली, "आई, मी येत नाही."

मला वाटलं, दुपारच्या प्रकाराची भीती बसली असेल. म्हटलं, "अगं, आपल्याकडं कूलर नाही, काही नाही. खिडक्या उघड्या टाकायच्या आणि झोपायचं."

"तसं नाही." तिचे डोळे भरून आले. "हे रोज सावनेरहून येतात. हातपाय धुतले की आधी माझ्याजवळ बसून बाळाशी बोलतात. खाणीत काय झालं, बसमध्ये कोण भेटलं, सगळं. मी तिकडं आले तर पाचसहा महिने ते कुणाशी बोलतील?"

मला राग आला. इतका आला, की मी विहीणबाई शेजारी बसल्यात हेही विसरले. "आणि आम्ही? तुझे बाबा रोज पाळण्याला हात लावून बघतात, त्यांनी कुणाशी बोलायचं?"

आता माझी खात्री होती, की विहीणबाई सुनेची बाजू घेणार. भांडण करायची वेळ आली, अशा हिशेबानं मी त्यांच्याकडं वळले. त्या नंदावरच ओरडल्या.

"काही बी गोष्टी करतं वं! पयलं बाळंतपण मायच्याच घरी. लोक म्हनतीन, सासूनं पोरीले सोडलं नाही. मी तुही बॅग भरून ठेवली, डिंकाचे लाडू बांधले. जाय चुपचाप!"

माझं डोकं चक्रावून गेलं. जिच्याशी भांडायला आले ती माझ्या बाजूनं, आणि जिच्यासाठी भांडायला आले ती माझ्या विरुद्ध. नंदा दोघींच्या मध्ये बसून मुकाट्यानं रडत होती. आमच्या दोघींची रीत एकच होती आणि आम्ही दोघी तिला दोन्हीकडून बंद करत होतो. तिला कुठूनच वाट ठेवलेली नव्हती.

तेवढ्यात खाली विलास आला. त्यानं वर येऊन मला नमस्कार केला, बायकोचं रडणं पाहिलं, पण कुणाला काही विचारलं नाही. तिच्याजवळ बसून म्हणाला, "आज बसमध्ये एका माणसाच्या पिशवीतून जिवंत कोंबडी सुटली." आणि हे तो नंदाकडं बघून बोलत नव्हता.

सकाळी सहाला घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडं मुलीच्या सासरी आई दोन दिवसांच्या वर राहत नाही. माझी आई माझ्याकडं आयुष्यात एकदाही मुक्कामाला राहिली नाही. सासूबाईंच्या शेवटच्या आजारातसुद्धा ती सकाळी आली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली. म्हणून पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघता निघेना.

"मी इथंच राहिले तर चालेल का? बारशापर्यंत?"

विहीणबाई गाळणं हातात धरून उभ्या राहिल्या. "लोक तुमाले नावं ठेवतीन, ताई."

"तुम्हालाही ठेवतील."

"हाव, ते बी खरं." त्यांनी चहा गाळला आणि कप माझ्याकडं सरकवला. "मंग तुमाले खिडक्या शिकाव्या लागतीन."

शेजारच्या घरून मी ट्रंक कॉल लावला. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पाळणा रेल्वेनं पाठवता येतो का, विचारून बघतो." मला तिथंच रडू आलं. शेजारणीनं पाणी आणून दिलं.

मे महिना

पुढचे चार आठवडे कसे गेले ते सांगायला लागले तर संपणार नाही. मी खिडक्या शिकले. मी पुरण घातलं, त्यांनी सांबारवडी शिकवली, आणि कोथिंबिरीला सांबार म्हणण्यावरून आम्ही रोज वाद घातला. बायका बघायला यायच्या. "पोरीच्या सासरी राहून राहिल्या म्हने," असं दाराबाहेर एकीनं म्हटलेलं मी ऐकलं. मला लागलं ते. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी कुणासमोर गेले नाही. पाळणा आला, पण वाटेत त्याचा एक पाय मोडला, तो व्याह्यांनी स्वतः बसून जोडला.

मे संपता संपता एका सकाळी नंदाच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यातल्या लांब व्हरांड्यात आम्ही दोघी बाकावर बसलो. विलास सावनेरला गेलेला, त्याला निरोप धाडला होता. आतून नंदाची हाक आली की आम्ही दोघीही एकदम उठायचो आणि एकदम खाली बसायचो.

अकराच्या सुमारास सिस्टर बाहेर आल्या. हातात जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं बाळ. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. सासूबाई कोण?"

विहीणबाई दाराजवळ होत्या. नात त्यांच्या घराण्याची, दवाखान्याच्या कागदावर सही त्यांच्या घरच्यांची. त्यांचे हात पुढं झालेले मी स्वतः पाहिले. मग ते हात थांबले. त्या बाजूला सरकल्या आणि मला कोपराला धरून पुढं ओढलं.

"थांबा सिस्टर. पयलं लेकरू आधी मायची माय घेते. आमच्यात रीतच हाये तशी."

सिस्टरनी बाळ माझ्या हातांवर ठेवलं. ती तोंड वाकडं करून रडत होती आणि मीही रडत होते. कुणी बघतंय याचं मला भानच नव्हतं. पुष्कळ वेळानं मी तिला विहीणबाईंकडं दिलं.

बारसं झालं, शाळा उघडायची वेळ आली, मला निघणं भाग पडलं. निघायच्या आदल्या दिवशी मी नंदाला म्हटलं, तुमच्याकडची एक रीत मला फार आवडली बघ, पहिलं मूल आधी आईच्या आईकडं देतात ती.

नंदा माझ्याकडं बघतच राहिली. "कुठली रीत? मी तर कधी ऐकली नाही."

मग मी व्याह्यांना विचारलं. त्यांनी उपरण्याखाली डोकं खाजवलं. "आपल्यात? असं काही नाही बापा."

विहीणबाईंना मी काही विचारलं नाही. त्या मागच्या खोलीत नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या.

आता कोल्हापुरात बायका मला तिकडच्या चालीरीती विचारतात. कांदा, गोळाभात, कूलर, सगळं सांगून झालं की शेवटी मी त्यांना सांगते, की नागपूरकडं पहिलं मूल आधी मुलीची आई घेते. तिकडं रीतच आहे तशी.